धरण थांबलं, नदी वाचली का?



१६ एप्रिल १९२१ला, रामनवमीच्या दिवशी, मावळातल्या शेतकऱ्यांनी मुळशीला धरणाच्या कामावर सत्याग्रह सुरू केला. पुढे सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांचं नाव या लढ्याशी कायमचं जोडलं गेलं. घोषणा होती ‘जान किंवा जमीन’. लढा १९२४ पर्यंत चालला, लोक तुरुंगात गेले, आणि धरण झालं. भीमेकडे जाणारं पाणी अडवून घाटाखाली भिऱ्याच्या वीजगृहात उतरवलं गेलं, आणि मुंबईला वीज मिळाली. धरणाविरुद्ध संघटितपणे उभ्या राहिलेल्या जगातल्या सुरुवातीच्या लोकांत आपले लोक आहेत, याचा मला अभिमान वाटतो.

पण ती घोषणा पुन्हा ऐका. जान आहे, जमीन आहे, नदी नाही. असायचं कारणही नव्हतं. ज्याच्या चुलीपर्यंत पाणी येणार त्याला आधी आपली जमीनच दिसणार. पुढे नर्मदेच्या खोऱ्यात आणि इतर ठिकाणी जे लढे झाले, त्यांच्या केंद्रस्थानीही विस्थापित माणूसच होता, आणि ते योग्यच होतं. त्यामुळे एक प्रश्न मात्र आपल्याकडे फारसा सुटा विचारला गेला नाही. एखाद्या नदीकाठी कोणीच राहत नसेल, कोणाचंही घर बुडत नसेल, तर ती नदी अडवायला हरकत काय?

हा प्रश्न असा उघडा पडला तो केरळमध्ये, पालक्काड जिल्ह्यात, कुंतिपुळा या नदीवर. आपण सगळे ते प्रकरण ‘सायलेंट व्हॅली’ या नावाने ओळखतो आणि जंगलाची गोष्ट म्हणून सांगतो. मी आज ती नदीची गोष्ट म्हणून सांगणार आहे.

निलगिरीच्या नैर्ऋत्य टोकाला तिन्ही बाजूंनी उंच कड्यांनी वेढलेलं एक खोरं आहे. कुंतिपुळा वरच्या गवताळ पठारावरून या खोऱ्यात उतरते, सदाहरित जंगलातून दक्षिणेकडे वाहते आणि सैरंध्री या ठिकाणी अरुंद घळीतून खाली मैदानाकडे सुटते. खोऱ्यात वस्ती नाही, शेत नाही. १९१४ पासून ते राखीव जंगल आहे. अशी घळ पाहिली की अभियंत्याला भिंत दिसते. त्याचं प्रशिक्षणच तसं असतं, त्यात दोष नाही. इंग्रजांच्या काळात, १९२०च्या दशकाच्या शेवटी, ही जागा धरणासाठी हेरली गेली. १९७३मध्ये योजना आयोगाने प्रकल्पाला मान्यता दिली. सुमारे १३० मीटर उंचीची भिंत, पूर्ण क्षमतेला २४० मेगावॅट वीज, पालक्काड आणि मलप्पुरम जिल्ह्यांत सुमारे १० हजार हेक्टर सिंचन. बुडणार होतं ८३० हेक्टर. विस्थापित शून्य.

कागदावर यापेक्षा निर्दोष प्रकल्प शोधून सापडला नसता. उत्तर केरळला विजेची खरोखरच गरज होती. डावे-उजवे सगळे पक्ष प्रकल्पाच्या बाजूने होते. ‘माकडं महत्त्वाची की माणसं?’ हा सवाल सभांमधून विचारला जात होता, कारण त्या खोऱ्यात सिंहपुच्छ वानर होते. जगात फक्त पश्चिम घाटात आढळणारा हा प्राणी. या जंगलातल्या कुलेनिया झाडाच्या फळांवर त्याचं पोट मोठ्या प्रमाणात अवलंबून आहे, आणि ही झाडं सलग सदाहरित जंगलाबाहेर टिकत नाहीत.

१९७६मध्ये केंद्राच्या पर्यावरण समन्वय समितीने एक कृतिगट नेमला. त्याचे प्रमुख होते मुंबईचे पक्षिनिरीक्षक जफर फतेहअली. या गटाने प्रकल्प सोडून द्यावा अशी शिफारस केली. पण त्याचबरोबर, करायचाच असेल तर काय काय काळजी घ्यावी, याची सतरा कलमांची यादीही दिली. त्या यादीचं पुढे काय झालं ते लक्षात ठेवण्यासारखं आहे. राज्य सरकारने मूळ शिफारस बाजूला ठेवली आणि यादी उचलली. १९७९मध्ये विधानसभेने सायलेंट व्हॅली संरक्षणाचा कायदाच केला. त्याचा आशय असा की, आम्ही धरण बांधू आणि पर्यावरणाचा समतोलही राखू. तज्ज्ञांच्या अहवालात ‘नको, पण’ असं लिहिलं की सरकार ‘पण’पासून वाचायला सुरुवात करतं. ज्यांना अशा समित्यांवर बसायची संधी मिळते, त्यांनी हा धडा मनाशी बांधून ठेवावा. गेल्या चाळीस वर्षांत देशात किती तरी नद्या या ‘अटींसह मंजुरी’च्या दारातून आत गेल्या आहेत.

सरकारचा आणखी एक युक्तिवाद होता. खोरं सुमारे नऊ हजार हेक्टरचं, बुडणार फक्त आठशे तीस. दहावा हिस्साही नाही. याला उत्तर दिलं केरळ शास्त्र साहित्य परिषदेने. शिक्षक, अभियंते, प्राध्यापक यांची ही लोकविज्ञान संघटना. ज्यांना वाटतं की नदी वाचवणं म्हणजे भावनेचा उमाळा, त्यांनी या संघटनेचं काम पाहावं. वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक एम. के. प्रसाद यांनी आधी लेख लिहून विषय लोकांपुढे आणला. मग १९७९मध्ये परिषदेच्या जीवशास्त्रज्ञ, अभियंते आणि अर्थतज्ज्ञ सदस्यांनी मिळून प्रकल्पाचा स्वतंत्र अभ्यास छापला. त्यांनी वीज आधी मोजली. केरळ तेव्हा शेजारच्या राज्यांना वीज विकत होता. उत्तर केरळात अंधार होता तो निर्मिती कमी पडते म्हणून नव्हे, तर वाहिन्या आणि वितरण अपुरं होतं म्हणून, हे त्यांनी दाखवून दिलं. आणि दहाव्या हिश्श्याबद्दल त्यांनी सांगितलं की हा दहावा हिस्सा म्हणजे नदीचा तळ आणि तिचे दोन्ही काठ. खोऱ्याचं जगणं तिथेच एकवटलेलं आहे. तो बुडाला की उरलेल्या नव्वद टक्क्यांचे दोन तुकडे होतात, मध्ये साचलेलं पाणी. शिवाय दहा-बारा वर्षं हजारो कामगार, रस्ते, जळणासाठी तोड.

या मांडणीने माझ्या विचाराला वळण दिलं. नदीचं क्षेत्रफळ काढलं तर ते नेहमीच क्षुल्लक येतं. नदी ही लांबी आहे. तिच्या लांबीत कुठेही भिंत घातली की ती तुटते, मग भिंत कितीही छोटी असो. हेक्टरमध्ये मोजणारी आपली सगळी परवानगी-यंत्रणा इथे आंधळी ठरते.

पुढचा भाग थोडक्यात सांगतो. सालिम अलींनी आवाज उठवला. सुगतकुमारींसारख्या कवयित्रीने केरळभर कवींना उभं केलं. मोरारजी देसाईंनी प्रकल्पाला पुढे जायला सांगितलं. जानेवारी १९८०मध्ये केरळ उच्च न्यायालयाने प्रकल्पाविरुद्धची याचिका फेटाळली. त्याच महिन्यात इंदिरा गांधी सत्तेवर परतल्या आणि त्यांनी काम थांबवायला लावलं. केंद्र आणि राज्याची संयुक्त समिती एम. जी. के. मेनन यांच्या अध्यक्षतेखाली बसली. तीत आपले माधव गाडगीळ होते. १९८३च्या अखेरीस प्रकल्प सोडून देण्यात आला आणि १५ नोव्हेंबर १९८४ला, इंदिराजींच्या हत्येनंतर दोनच आठवड्यांनी, खोरं राष्ट्रीय उद्यान म्हणून जाहीर झालं.

इथे गोष्ट संपते असं आपण मानतो. ती संपली नाही. २०००नंतर त्याच नदीवर, जुन्या जागेपासून काही किलोमीटर खाली, उद्यानाच्या हद्दीबाहेर, पात्रक्कडवू नावाचा नवा प्रकल्प पुढे आला. ७० मेगावॅटचा. पुन्हा अहवाल, पुन्हा जनसुनावण्या, पुन्हा तीच माणसं, आता वीस-पंचवीस वर्षांनी म्हातारी झालेली. २००७मध्ये राज्याने उद्यानाभोवती १४८ चौरस किलोमीटरचं संरक्षक क्षेत्र जाहीर केलं, तेव्हा तो प्रकल्प थांबला.

मला जे सांगायचं आहे ते इथे आहे. धरणाचा प्रस्ताव कधी मरत नाही. तो नाकारला जातो, स्थगित होतो, बासनात जातो, पण सर्वेक्षणाचे नकाशे पाटबंधारे खात्याच्या कपाटात सुरक्षित राहतात. सरकार बदलतं, दुष्काळ पडतो, निवडणूक येते, आणि कपाट उघडतं. धरणवाल्याला शंभर वर्षांत एकदाच जिंकावं लागतं. नदीच्या बाजूने उभं राहणाऱ्याला दर वेळी. म्हणून धरण थांबवणं आणि नदी वाचवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कुंतिपुळा ज्या भागात वाचली, तिथे ती कायद्याने आखलेल्या हद्दीमुळे वाचली, आणि हद्द होती जंगलाची. आपल्याकडे वाघाला कायदा आहे, जंगलाला कायदा आहे, पाणथळीला नियम आहेत. वाहत्या नदीने वाहतं राहावं असं सांगणारा सर्वसाधारण कायदा देशात नाही.

दुसरीकडे तो आहे. अमेरिकेने २ ऑक्टोबर १९६८ला असा कायदा केला. आधी आठ नद्यांचे भाग त्याखाली आले, आज एकूण लांबी वीस हजार किलोमीटरच्या वर आहे. त्या भागात नदी अडवणाऱ्या धरणाला परवाना देता येत नाही. आणि हे त्या देशाने केलं ज्याने हूव्हर धरण बांधून जगाला धरणांचं वेड लावलं. अल्बेनियासारख्या छोट्या, गरीब देशाने, ज्याची जवळपास सगळी वीज जलविद्युत आहे, १५ मार्च २०२३ला व्योसा ही आपली नदी राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित केली. तिच्यावर कालिवाच आणि पोचेम या दोन मोठ्या धरणांचा घाट होता. कुता गावच्या लोकांनी कोर्टात धाव घेतली. अनेक देशांच्या शास्त्रज्ञांनी नदीकाठी तळ ठोकून तिच्यातले मासे, कीटक, वाळूचे पट्टे नोंदवले. मग सरकार वळलं. तिथेही संकट संपलेलं नाही. शुशित्सा या उपनदीचं पाणी किनाऱ्यावरच्या पर्यटनासाठी उचलायच्या योजनेवरून झगडा सुरू झाला. पण आता झगडणाऱ्यांच्या हातात एक दर्जा आहे.

‘ते परदेशात ठीक आहे’ असं कोणी म्हणेल, म्हणून घरचा दाखला देतो. भागीरथी. लोहारीनाग-पाला, पाला-मनेरी आणि भैरोंघाटी हे तीन जलविद्युत प्रकल्प २०१०मध्ये रद्द झाले. त्यातल्या पहिल्याचं तर काम चालू होतं. १८ डिसेंबर २०१२ला गोमुख ते उत्तरकाशी हा सुमारे शंभर किलोमीटरचा पट्टा पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून अधिसूचित झाला. यामागे प्रा. जी. डी. अग्रवाल यांची उपोषणं होती. हा माणूस आयआयटी कानपूरचा अभियांत्रिकीचा प्राध्यापक, केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा पहिला सदस्य-सचिव. गंगा वाहती राहावी यासाठी १११ दिवस उपोषण करून ११ ऑक्टोबर २०१८ला त्यांनी प्राण सोडले. शंभर किलोमीटरच्या पट्ट्याला कायद्याचं कवच देता येतं, हे त्यांनी सिद्ध करून ठेवलं आहे. ते एकाच नदीपुरतं का राहावं?

आता मी आपल्या दारातल्या नदीकडे येतो. इंद्रावती.

ती ओडिशात कलाहंडीच्या डोंगरात उगम पावते, बस्तरमधून वाहते, जगदलपूरच्या पुढे चित्रकोटला कड्यावरून कोसळते, मग खोल जंगलात शिरते आणि महाराष्ट्र-छत्तीसगडची सीमा होऊन सिरोंचा तालुक्यात सोमनूरजवळ गोदावरीला मिळते. लांबी सुमारे ५३५ किलोमीटर. भामरागडला पर्लकोटा आणि पामुलगौतम तिला येऊन भेटतात. माडिया लोकांचा हा मुलूख. पलीकडच्या काठावर इंद्रावती व्याघ्र प्रकल्प, अलीकडे कोलामार्का, जिथे महाराष्ट्रातल्या शेवटच्या रानम्हशी आहेत. या म्हशींना पाणी आणि काठचं उंच गवत दोन्ही लागतं, आणि ते गवत पुराने ताजं ठेवलेल्या जमिनीवरच उगवतं.

ही नदी संपूर्ण मोकळी नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. ओडिशात वरच्या अंगाला अप्पर इंद्रावती प्रकल्पाने तिचं पाणी महानदीच्या खोऱ्यात वळवलं आहे. जोरा नाल्यातून आणखी पाणी शबरीकडे निघून जातं. उन्हाळ्यात चित्रकोटची धार इतकी बारीक होते की बघायला आलेला प्रवासी हिरमुसतो. पण त्याखालचा, बस्तरच्या घळींपासून सोमनूरपर्यंतचा पट्टा अजून अखंड आहे. गोदावरीच्या खोऱ्यात असा पट्टा आता शोधावा लागतो. नाशिकपासून गंगापूर, जायकवाडी, विष्णुपुरी, बाभळी अशी भिंतींमागे भिंत लागली आहे. देशातल्या मोठ्या धरणांपैकी सुमारे चाळीस टक्के एकट्या महाराष्ट्रात आहेत, आणि तरीही मराठवाड्यात टँकर धावतात. सिरोंच्याच्या खाली गोदावरी जी भरलेली दिसते, ती मोठ्या प्रमाणात प्राणहिता आणि इंद्रावतीच्या जिवावर.

या अखंड पट्ट्यावर परिणाम करणारे तीन प्रस्ताव आहेत. बोधघाटची पायाभरणी मोरारजी देसाईंनी १९७९मध्ये केली. मग प्रकल्प जंगलाच्या परवानगीवर अडला. २०२०मध्ये छत्तीसगड सरकारने तो पुन्हा बाहेर काढला. दुसरा भोपालपट्टणम आणि तिसरा, गोदावरीवर संगमाच्या खाली, इंचमपल्ली. १९८०च्या दशकात हे दोन प्रकल्प जवळ आले तेव्हा बाबा आमटे उभे राहिले. आनंदवनाचे बाबा, ज्यांच्या लोकबिरादरी प्रकल्पाची हेमलकसाला दहा वर्षं झाली होती. त्यांच्या आंदोलनाचं नाव होतं ‘जंगल बचाव, मानव बचाव’. मुळशीच्या घोषणेत जे नव्हतं ते इथे आलं: माणूस आणि जंगल एका श्वासात. दोन्ही धरणं थांबली. आज इंचमपल्लीचं नाव गोदावरी-कावेरी जोडप्रकल्पात पुन्हा आहे, त्याच परिसरात, नव्या रूपात. कपाट उघडलं आहे.

साचलेल्या पाण्याचा अर्थ काय, हे सिरोंच्याच्या शेतकऱ्याला विचारा. २०१९मध्ये तेलंगणाने गोदावरीवर मेडिगड्डा बॅरेज सुरू केलं. तेव्हापासून पूर आला की अलीकडच्या काठची शेतं पाण्याखाली जातात, माती खरवडून जाते, आणि पाणी ओसरायचं नाव घेत नाही. भरपाईसाठी माणसं तहसीलच्या पायऱ्या झिजवतात. ऑक्टोबर २०२३मध्ये त्या बॅरेजचे खांबच खचले. भामरागड दर पावसाळ्यात पर्लकोटेच्या पुराने दिवस-दिवस तुटतं. आज ते पाणी उतरतं, कारण खाली इंद्रावती मोकळी आहे. खाली पाणी तुंबवलं तर वरचा पूर कुठे जाईल, याचा हिशेब मी कोणत्याही जाहीर भाषणात ऐकलेला नाही.

भिंत नदीचं काय करते, हे थोडं सांगतो, कारण आपण फक्त बुडीत पाहतो. नदी पाणी वाहते तशी माती वाहते. ती माती भिंतीमागे बसते आणि खालचं पाणी मोकळ्या हाताने जातं; मग ते काठ आणि तळ खात सुटतं. गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशाला पूर्वीइतका गाळ पोचत नाही आणि आंध्रात समुद्र किनारा गिळतो आहे, त्याचं एक कारण शेकडो किलोमीटर वर असलेल्या भिंती आहेत. महाशीर आणि इतर मासे पहिल्या पुराबरोबर वर चढून अंडी घालतात. त्यांना पुराची वर्दी पाण्याच्या वाढीतून, गढूळपणातून, थंडाव्यातून मिळते. जलविद्युत केंद्र संध्याकाळच्या मागणीसाठी पाणी सोडतं आणि रात्री बंद करतं. माशांसाठी मग रोजच पूर आणि रोजच दुष्काळ. ‘वाहत्या पाण्यावरचा प्रकल्प’ म्हणून ज्यांची भलामण होते, त्यांतले बरेच नदीला बोगद्यात घालतात आणि मधली कित्येक किलोमीटर कोरडी सोडतात.

आणि वीज? पाणी? हे प्रश्न टाळून मी मंचावरून उतरणार नाही. बोधघाट मूळ आराखड्यात ५०० मेगावॅटचा होता. २०२५च्या सुरुवातीला भारताची सौरविजेची क्षमता एक लाख मेगावॅटच्या पुढे गेली. संध्याकाळच्या विजेचा प्रश्न खरा आहे, साठवण लागेल, पण त्यासाठी जिवंत नदी अडवणं हा एकमेव मार्ग १९७३मध्येही नव्हता, आज तर मुळीच नाही. गडचिरोलीच्या शेतकऱ्याला धानाला पाणी हवं, हेही खरं. त्याच्या गावात माजी मालगुजारी तलाव आहेत. गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली मिळून असे हजारो तलाव पूर्वजांनी खोदले. कोहळी समाजाचं ते ज्ञान होतं. त्यांतले कित्येक गाळाने भरले, पाळी फुटल्या, कालव्यांवर अतिक्रमणं झाली. एका मोठ्या धरणाच्या सर्वेक्षणावर होणारा खर्चही या तलावांना वेळेवर मिळत नाही. हे मी रागाने म्हणतो आहे.

माझी मागणी अशी आहे. इंद्रावतीचा हा अखंड पट्टा भागीरथीच्या धर्तीवर अधिसूचित करा. या पट्ट्यात अडवणूक नाही, वळवणूक नाही. महाराष्ट्र आणि छत्तीसगड दोघांनी मिळून. केंद्राने वाहत्या नद्यांसाठी वेगळा कायदा आणावा, पण त्याची वाट पाहत बसायचं कारण नाही. गडचिरोलीत पेसा कायदा आहे, वनहक्क कायदा आहे. मेंढा-लेखा गावाने सामूहिक वनहक्क मिळवून देशाला रस्ता दाखवला. २०१३मध्ये नियमगिरीच्या बारा ग्रामसभांनी ठराव करून डोंगर खाणीपासून वाचवला. भामरागड, अहेरी, सिरोंच्याच्या ग्रामसभांनी नदीबद्दल ठराव का करू नये? आणि तो ठराव माडियांनी स्वतःच्या शब्दांत लिहावा. कुठल्या डोहात मासेमारी कधी बंद ठेवायची, कोणत्या घाटावर कोणाचा हक्क, हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. बाहेरून येऊन आपण त्यांच्या नदीचे पालक होऊ नये.

आपण करायचं काम वेगळं आहे. केरळच्या शिक्षकांनी केलं ते. या सभागृहात प्राध्यापक आहेत, शाळांचे शिक्षक आहेत, विद्यार्थी आहेत. इंद्रावतीच्या माशांची, डोहांची, पुराच्या पातळीची, काठच्या वनस्पतींची, माडिया नावांसह केलेली सलग नोंद मला तरी कुठे मिळाली नाही. पुढच्या वेळी सरकारी समिती बसेल तेव्हा तिच्यासमोर फक्त अभियंत्यांचे नकाशे असतील तर निकाल काय लागेल ते आपल्याला माहीत आहे. पाऊस थांबला, भामरागडचा रस्ता मोकळा झाला की कॉलेजांनी तिथे जावं, गावच्या मासेमारांना सोबत घ्यावं आणि नोंद सुरू करावी. पहिलं वर्ष याच हिवाळ्यापासून धरा.